पाटीतला हंगाम

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, पुष्कळ मराठी घरांत ऋषीची भाजी होते. तिचा नियम एकच. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य नको, मोटेच्या पाण्यावरचा भाजीपाला नको. उरते ते परसातले, कुंपणावरचे, हाताने टोकलेले किंवा आपोआप उगवलेले : अळू, माठ, अंबाडी, लाल भोपळा, शिराळी, पडवळ, सुरण, मक्याची कणसे. काही ठिकाणी तांदूळही नेहमीचा चालत नाही. न पेरता उगवणारा देवभात शोधून आणतात. या व्रताच्या मुळाशी बायकांच्या विटाळाची कल्पना आहे आणि ती टिकवण्याजोगी मुळीच नाही. पण ज्या घरांनी व्रत सोडले त्यांनीही भाजी सोडलेली नाही. तेलाच्या चार थेंबांवर शिजणारी ती मिसळभाजी वर्षातून एकदा तरी हवीच असते.

आपल्या पंचांगात असा बाजारहाट ठिकठिकाणी लिहून ठेवलेला आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची आणि कांदा, लसूण, वांगे चातुर्मासापुरते थांबवायचे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा सुरू करायचे. वांग्याला खरी चव येते ती थंडीतच, हे जळगावकडच्या माणसाला कोणी सांगायला नको. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी : पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, बोरे, तीळ, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या पंधरवड्यात रानात जे आहे ते सारे एका पातेल्यात.

पण काय खावे एवढेच पंचांग सांगते. ते शहरातल्या घरापर्यंत कोणी आणायचे, कुठे बसून विकायचे आणि त्यावर वाटेत कोणाकोणाचा हक्क लागायचा, हा वेगळा इतिहास आहे. तो स्वयंपाकघरात लिहिला गेला नाही. तो जकातनाक्यांवर, नगरपालिकेच्या ठरावांत आणि (आश्चर्य वाटेल, पण) कापसाच्या कायद्यांत सापडतो. त्या इतिहासाच्या मध्यभागी एक साधी वस्तू आहे : पाटी.

बांबूची विणलेली, चुंबळीवर ठेवून डोक्यावरून न्यायची पाटी. एका बाईला जेवढे वाहून नेता येते तेवढे तिचे माप. पाटीत सहसा एकच जिन्नस नसतो. दहा जुड्या मेथी, पाच जुड्या चाकवत, थोड्या वालाच्या शेंगा, फडक्यात बांधलेल्या दोन मुठी मिरच्या, दिवस असतील तर चार कवठे. विक्री किलोवर नाही, जुडीवर आणि वाट्यावर. बांधावर, विहिरीच्या पाटाकडेला, दोनचार गुंठ्यांच्या तुकड्यात त्या आठवड्यात जे तयार झाले तेवढेच पाटीत येते. म्हणून हंगाम जसाच्या तसा शहरात यायचा असेल तर तो पाटीतून येतो. ट्रकमध्ये बसायचे तर हंगामाला आधी ‘माल’ व्हावे लागते.

मराठी मुलखात पेठ वसवायची तर राज्यकर्ता कौल देई : इतकी वर्षे कर माफ, या आणि दुकान मांडा. पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे. हा झाला व्यापाऱ्यांचा, सराफांचा, कापडवाल्यांचा बाजार. शेतकऱ्याचा बाजार त्याहून साधा आणि बहुधा त्याहून जुना. गावाचा एक वार ठरलेला, त्या वारी पटांगणात पाल ठोकायचे, संध्याकाळी उठायचे. जवळच्या गावांचे वार एकमेकांना टाळून ठरलेले, म्हणजे विकणाऱ्याला आठवडाभर फिरता येते. हिंदी प्रदेशातला हाट, कन्नड मुलखातली संते, तमिळनाडूतली सन्दै ही आमच्या आठवडी बाजाराचीच भावंडे आहेत. त्यांतल्या कुठल्याही एकात वाढलेल्या माणसाला बाकीच्यांत वाट विचारावी लागत नाही.

या बाजारात फुकट बसता येत होते असे मात्र नाही. जुन्या मराठीत ‘फसकी’ असा एक शब्द आहे. विक्रीला मांडलेल्या मालातून हक्कदाराने उचललेली मूठ म्हणजे फसकी. पैसा नाही, पावती नाही. हात घातला, मूठ भरली, पुढे गेला. गरिबाच्या पाटीतून अशा पाच मुठी गेल्या तर तिची भवानी होण्याआधीच पाटीचा तळ दिसू लागत असेल. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण जो मूठ उचलतो तो तुमचे तिथे बसणेही मान्य करून चुकलेला असतो, एवढी गोष्ट मनात ठेवायला हवी. पुढच्या दीडशे वर्षांत मूठ उचलणारे बदलत गेले आणि बसण्याची जागा आकसत गेली.

पुण्यात भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस, चिखल, बैलांचे शेणमूत यांच्यामध्ये भाजी विकली जाई. ही स्थिती सुधारावी असे नगरपालिकेला वाटले त्यात वावगे काही नव्हते. नमुना मुंबईत तयार होता. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचे मार्केट १८६९ साली उभे राहिले होते. त्याच्या दारावरच्या कोरीव पट्ट्यांत लॉकवूड किपलिंग यांनी हिंदी शेतकरी कोरले. दगडातले शेतकरी दाराच्या वर आणि भाजीचे व्यापारी दाराच्या आत, अशी ती वाटणी. पुण्याने तीच वाट धरली. शुक्रवार पेठेत गॉथिक वळणाची दगडी इमारत बांधायचे ठरले, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेले गाळ्यांचे पंख. १८८६ साली ती सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले : रे मार्केट.

या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. हा विरोध शाळा काढणाऱ्या सुधारकाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा होताच. पण त्याला आणखी दोन बाजू होत्या. फुल्यांचे घराणे माळ्याचे. गोऱ्हे हे मूळ आडनाव जाऊन फुले हे नाव लागले तेच फुलांच्या धंद्यामुळे. मळ्यातून बाजारापर्यंतची वाट त्यांना पुस्तकात वाचावी लागली नव्हती. दुसरे म्हणजे ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा व्यवहाराचा संबंध होता. दगडचुन्याचा हिशेब न कळणाऱ्या माणसाने केलेला तो विरोध नव्हता.

१८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गाडीभर माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची जमाखर्चाची वही उघडून दाखवली आहे. माळवे म्हणजे भाजीपाला. देशावरचा हा शब्द शहरी बोलण्यातून आता जवळजवळ गेला. वजनात मारणारे दलाल, नगरपालिकेची जकात, वरून गाडीचे भाडे. सगळे वजा जाता पोरांसाठी घरी न्यायला काही उरत नाही. फुल्यांचा रोख मला इथे इमारतीवर वाटत नाही. तो वाटेवर आहे. वाट तशीच ठेवून तिच्या शेवटी मनोरा उभारल्याने गाडीवाल्याचे काय भले होणार, हा त्यांच्या विरोधामागचा न बोललेला प्रश्न असावा.

पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना या मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही तेच नाव मिळाले. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव लागावे यात गंमत आहे, पण मला त्यात गैर काही दिसत नाही. मंडईत येणाऱ्या माळी-कुणब्यांना त्या नावात आपले माणूस दिसले. पुण्याच्या मंडईने भाजीखेरीज आणखीही पुष्कळ काही केले. लोकमान्यांचा पुतळा तिथे बसला, त्याचे अनावरण १९२४ साली मोतीलाल नेहरूंनी केले, मंडईच्या पुढ्यात सभा गाजल्या आणि ‘मंडई विद्यापीठ’ असा शब्द रूढ झाला. तो विषय वेगळा.

आपला विषय गाळ्याचा आहे. गाळ्याला भाडे असते आणि भाडे बारमाही असते. ज्याचे भाडे बारमाही त्याचा माल बारमाही हवा. मंडईच्या छपराखाली हळूहळू घडले ते या एका साध्या गणितातून. वर्षात सहा आठवडे हरभऱ्याचा पाला आणि तीन आठवडे सोलाणे आणणारी बाई गाळा घेऊ शकत नव्हती. गाळा घेणारा माणूस शेतकरी राहू शकत नव्हता. तो व्यापारी झाला. त्याला रोज लागणारा माल म्हणजे बटाटा, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो. ही सगळी परदेशातून आलेली मंडळी आणि कामाला अतिशय प्रामाणिक : टिकतात, रचता येतात, दुरून आणता येतात. पाटीवाल्या बाहेर पायऱ्यांवर बसल्या. वाचक कुठल्याही शहरातला असो, त्याने आपल्या गावच्या जुन्या मार्केटची पायरी आठवावी. आत फळ्यांवर रचलेले ढीग, बाहेर गोणपाटावर वाटे. आतल्या मालाला ऋतू नसतो. आषाढ चालू आहे की पौष, हे बाहेर पडल्यावर कळते.

आता कापसाकडे वळायला हवे. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, म्हणजे पुण्याची मंडई उघडली त्याच वर्षी. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. हेतू शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा अधिक व्यवहारी होता. इंग्लंडातल्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस खात्रीने आणि वेळेवर हवा होता. मात्र त्यातून शेतकऱ्याचेही काही कल्याण झाले. ठरलेल्या आवारात, उघड्यावर, तपासलेल्या काट्यावर माल विकायचा, हा नियम तेव्हा मोठाच दिलासा होता. एरवी सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन व्यापारी फडक्याआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवणार आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून फडक्याकडे पाहणार. वर तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता अशा नावांनी कापलेले पैसे वेगळे. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने असे बाजार सगळीकडे व्हावेत अशी शिफारस केली. त्याआधी एक वर्ष मुंबई इलाख्यात कापूसबाजाराचा कायदा झाला होता. १९३९ साली तो इतर शेतमालापर्यंत पोचला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजारसमितीचा कायदा झाला.

कारंज्याच्या कापसासाठी बेतलेला अंगरखा अशा रीतीने वाढवत वाढवत मेथीच्या जुडीच्या अंगात घालण्यात आला. कापूस चार दिवस थांबू शकतो, जुडी चार तासही थांबत नाही. कापसाची गाडी रिकामी व्हायला आवार लागते, पाटी ठेवायला हातभर जागा. समितीच्या आवारात आडत्या आला. सुरुवातीला तो शेतकऱ्याच्या वतीने विकणारा माणूस होता. पुढे तोच उचल देणारा, तोच भाव सांगणारा आणि तोच पट्टी करून हाती देणारा झाला. पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. त्यावर वरच्या बाजूला विक्रीची रक्कम असते आणि खाली वजावटी. ‘पट्टी आली का?’ हा प्रश्न देशावरच्या खेड्यांत एखाद्या निकालासारखा विचारला जातो.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण वादाच्या भरात ती नेहमी विसरली जाते. शेतकऱ्याने आपला माल थेट खाणाऱ्याला किरकोळ विकण्यावर १९६३च्या कायद्याने बंदी घातलेली नव्हती. कायद्याचे कुंपण घाऊक व्यवहाराला होते. पाटीवालीला खरी अडचण बाजारसमितीची नव्हतीच. तिला अडचण होती ती शहराची. घाऊक बाजार गावाबाहेर गेले, पुण्यात गुलटेकडीला, मुंबईचा भाजीपाला नव्वदच्या दशकात वाशीला. आत राहिल्या त्या रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडा आणि त्या कडांवरून उठवणारी गाडी. उठवणाऱ्यांचेही काही चुकते असे दर वेळी म्हणता येत नाही. चालणाऱ्यालाही पदपथ लागतो. पण ज्या नगररचनेत मोटारी उभ्या करायची जागा आखलेली असते, तिच्यात पाटी टेकवायची जागा आखायचे राहून जाते, हे योगायोगाने घडत नाही.

या अडचणीवर सरकारी उत्तर पहिल्यांदा पंजाबातून आले. १९८७ साली तिथे ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९च्या जानेवारीत आंध्र प्रदेशात रयतु बाजार उघडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मदुरईला पहिली उळवर सन्दै. तिन्ही नावांत शेतकरी मालक आहे. योजनेचा सांगाडाही साधारण एकच : शेतकऱ्याला ओळखपत्र, मधे दलाल नाही, आडत नाही, भावाचा फळा सकाळी लागलेला. रयतु बाजार बऱ्यापैकी रुजले. उळवर सन्दैच्या नशिबी राजकारण आले. करुणानिधींनी सुरू केलेली योजना म्हणून २००१ साली सरकार बदलल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष झाले, २००६ला सत्ता परतली तेव्हा तिला पुन्हा पाणी मिळाले. भाजीच्या पाटीला पक्ष नसतो, ओट्याला मात्र असतो.

महाराष्ट्र या रांगेत उशिरा आला. २०१६च्या जुलैत फळे आणि भाजीपाला बाजारसमितीच्या सक्तीतून मोकळा करण्यात आला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, काही दिवस शहरांत भाजी महागली, मग निवळले. त्याच सुमारास शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायची मोहीम निघाली आणि तिला संत सावता माळ्यांचे नाव देण्यात आले. सावतोबा तेराव्या शतकातले, सोलापूरकडच्या अरणचे. पंढरी जवळ असूनही ज्याला मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल भेटला असा हा संत. नाव चपखल आहे. आपल्याकडे नावे देण्यात सहसा चूक होत नाही.

हे बाजार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल माझे मत चांगले आहे. संध्याकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात मंडप पडतो, टेम्पो लागतात, जुन्नर-पुरंदरकडचे तरुण एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक काटे मांडतात. घेवडा सकाळी तोडलेला असतो. गिऱ्हाइकाला ताजे मिळते आणि विकणाऱ्याच्या हाती रोख पडते. पण नीट पाहिले तर इथेही येतो तो गटाचा टेम्पो. गट करायचा, शेतकरी असल्याचा पुरावा द्यायचा, आठवड्याला दोनतीन ठिकाणी पोचायचे, तर माल ठरावीक आणि भरपूर लागतो. शिमला मिरची असते, ब्रोकोलीसुद्धा असते. चाकवत असला तर कोपऱ्यात, चंदनबटवा विचारला तर पोरगा शेजारच्याकडे पाहतो. मधला दलाल गेला हे खरेच मोठे काम झाले. हंगाम मात्र त्याच्याबरोबर परत आलेला नाही.

परत यायला तो शेतात तरी हवा. जे विकले जात नाही ते पेरले जात नाही, आणि भाजीच्या बियाण्याला दोनचार वर्षांची विश्रांती म्हणजे बहुधा मरणच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे गावरान वाण घरात जपायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यामागे कोणतीही योजना नव्हती. मडक्यांत राखेत ठेवलेले बी होते. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्या जाती शेंगेच्या रंगावरून, दाण्याच्या आकारावरून, कोवळी खायची की वाळवायची यावरून ओळखण्याचे ज्ञान या भागातल्या बायकांकडे आहे. बाजारभावाच्या तक्त्यात मात्र या सगळ्या जातींना मिळून एकच ओळ असते.

काही हंगामांना वेगळेच भाग्य लाभले. हुरडा बघा. गूळभेंडीचे, सुरतीचे कोवळे कणीस शेकोटीच्या आरात भाजून, तळहातावर चोळून, पाहुण्याला आग्रहाने खाऊ घालायचा, ही थंडीतली रीत. शेतकरी त्याचे पैसे घेत नसे. घेतले असते तर सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. आता माणशी दर आहे, वर झोपाळा आणि बैलगाडीची फेरी आहे. मला हे वाईट वाटत नाही. ज्वारीच्या एकरात जे हाती येत नाही ते हुरड्याच्या चार शनिवारी येत असेल तर यावे. फक्त इथे हंगाम शहरात येत नाही, शहर हंगामाकडे जाते, आणि जाऊ शकते ते मोटार असलेले शहर.

राहिले ते रानातले. मृगाच्या आगेमागे ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरांत शेवळे उगवतात. जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब, आत दांडा. नीट साफ न करता शिजवला तर घशाला अशी खाज सुटते की पुन्हा नाव काढू नये. म्हणून शेवळांबरोबर काकडाची आंबट फळे विकली जातात. एकाच रानातली, एकाच आठवड्यात तयार होणारी, एकमेकांचा उतारा असलेली ही जोडी. विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकड मोजून देते, गिऱ्हाईक नवीन दिसले तर दांड्याचा कुठला भाग काढून टाकायचा ते सांगते. मुंबई-ठाण्यातली कायस्थ प्रभू कुटुंबे सोडे घालून केलेल्या शेवळांसाठी वर्षभर थांबतात. मागून टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली येतात. श्रावण सरता सरता बरेचसे संपते.

या पाट्या आणणाऱ्या बायका बहुतेक ठाकर, कातकरी, वारली. कृषी खाते अलीकडे ऑगस्टात, आदिवासी दिनाच्या सुमाराला, रानभाजी महोत्सव भरवते. भाज्यांच्या नावाच्या पाट्या लागतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, फोटो निघतात. शेवळे त्या वेळी केव्हाच संपलेली असतात.

कागदावर या बाईची बाजू आज कधी नव्हती इतकी भक्कम आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने तिला गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिला. २०१४च्या फेरीवाला कायद्याने, जिथे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमतात अशा नैसर्गिक बाजाराची दखल घेतली. पण शेतकरी बाजारात बसायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि शेवळांचा सातबारा नसतो. फेरीवाल्यांत नाव लागायचे तर पाहणीच्या दिवशी जागेवर असावे लागते, आणि ती जूनमध्ये तीन आठवडे येते, मग थेट भारंगीला. गाळा बारमाही, ओळखपत्र बारमाही, परवाना बारमाही.

तेव्हा ती पहाटेची पहिली लोकल धरते. डब्यात पाटी पायाशी घेऊन बसते, कल्याणला किंवा दादरला उतरते, स्टेशनाबाहेर पुलाच्या जिन्याशी गोणपाट पसरते. शेवळे दुपारपर्यंत विकली जायला हवीत. दुसऱ्या दिवशी ती मऊ पडतात आणि परत नेऊन उपयोग नसतो. नऊच्या सुमाराला महापालिकेची गाडी एकदा येऊन जाते. ती गोणपाटाची चार टोके उचलते, गाडी जाईपर्यंत जिन्याच्या आडोशाला उभी राहते, आणि मग पुन्हा जुड्या मांडायला घेते, प्रत्येकीशेजारी काकडाची फळे मोजून.